हे व्याकरण कोणासाठी लिहिले आहे? प्रोग्रामिंग भाषांबद्दलचे काही गैरसमज

सी, पायथन किंवा जावा या भाषांत कोणता मजकूर प्रोग्राम म्हणून स्वीकारायचा, हे नियमांच्या यादीने सांगता येते. ‘विधान म्हणजे इफ हा शब्द, कंसात एक राशी आणि त्यानंतर आणखी एक विधान’ हा अशा यादीतला एक नियम. अशा सगळ्या नियमांचा संच म्हणजे त्या भाषेचे औपचारिक व्याकरण. कोड नीट मांडणारे साधन, एडिटरमधली रंगसंगती किंवा जुन्या प्रणालीचे नव्या भाषेत रूपांतर यांपैकी काहीही करायचे, तर हे व्याकरण हाताशी लागते. या कामाला लागणारा माणूस बहुधा पाठ्यपुस्तकातून आलेला असतो. तिथे त्याने बेरीज-गुणाकाराचे आठ-दहा ओळींचे व्याकरण पाहिलेले असते आणि ते खरोखरच निर्दोष असते. अडचण त्या पुस्तकाची नाही. आठ ओळींबाबत खरे असलेले सगळे आठशे ओळींबाबतही खरे असेल, हे गृहीतक अडचणीचे आहे.

‘प्रत्येक भाषेचे एकच अधिकृत व्याकरण असते.’

१९६० साली एका भाषेपुरते हे खरे होते. आल्गॉल ६० या भाषेचा अहवाल पीटर नाउर यांनी संपादित केला. जॉन बॅकस यांनी आदल्या वर्षी मांडलेल्या नियमलेखनाच्या पद्धतीत भाषेची सगळी वाक्यरचना त्यात दिलेली होती. हीच पद्धत पुढे बीएनएफ म्हणून रूढ झाली. भाषा आधी कागदावर ठरायची आणि कंपायलर नंतर यायचा, हा क्रम त्या अहवालाने घालून दिला. त्याचा प्रभाव इतका खोल आहे की आजही ‘भाषेचे व्याकरण’ म्हटले की एकच छापील यादी डोळ्यांपुढे येते.

प्रत्यक्षात एकाच पुस्तकात एकाच भाषेची दोन व्याकरणे आढळतात. जावाच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचे विनिर्देश उघडून पाहावेत. प्रकरणा-प्रकरणांत विखुरलेले नियम समजावून सांगण्यासाठी आहेत आणि शेवटच्या प्रकरणातले व्याकरण पार्सर, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कंपायलरचा भाग, लिहिण्यासाठी आहे, असे तिथे स्पष्ट नोंदवले होते. दोन्हींतले नियम वेगळे होते, त्यांची नावेही वेगळी होती. आठव्या आवृत्तीपासून ही फारकत संपली आणि शेवटच्या प्रकरणात आधीच्याच नियमांचे संकलन येऊ लागले. पायथनची स्थिती आजही दुहेरी आहे. भाषेच्या संदर्भपुस्तिकेत ठिकठिकाणी दिलेले नियम वाचकासाठी सोपे केलेले आहेत. त्याच पुस्तिकेतले ‘संपूर्ण व्याकरण’ हे प्रकरण मात्र ज्या फाइलमधून पायथनचा पार्सर तयार होतो तिच्यातून काढलेले आहे. त्यातून कोडनिर्मितीचा आणि चुका हाताळण्याचा भाग वगळला आहे. मूळ फाइलमध्ये तर मुद्दाम चुकीचा कोड ओळखणारे नियमही आहेत. प्रोग्राम नेहमीच्या नियमांत बसला नाही की पार्सर दुसरी फेरी मारतो आणि त्या फेरीत हे नियम वापरून नेमका संदेश देतो. रंगसंगतीसाठी ही मूळ फाइल जशीच्या तशी उचलणारा माणूस चुकांचे नियमही भाषेचाच भाग समजून बसेल.

रूबीला २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक मिळाले, तरी भाषा पुढे गेली आणि लोक व्याकरण पाहायला तिच्या पार्सरच्या स्रोत-फाइलकडेच जात राहिले. एसक्यूएलचे मानक आहे. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालणारी एसक्यूएल हवी असेल तर पोस्टग्रेसची व्याकरण-फाइलच पाहावी लागते. म्हणून ‘व्याकरण कुठे मिळेल’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो : ते कोणासाठी लिहिलेले हवे? भाषा शिकणाऱ्यासाठी, कंपायलर लिहिणाऱ्यासाठी की यंत्रासाठी?

‘अधिकृत मजकूर हवा तर तो विकतच घ्यावा लागतो.’

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची सी आणि सी++ ची मानके विकत मिळतात, त्यामुळे हा समज झाला असावा. परंतु या मानकांचे कामकाजी मसुदे खुले असतात. सी११ मानकाआधीचा शेवटचा खुला मसुदा, एन१५७०, कोणीही वाचू शकतो आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात सगळे व्याकरण एकत्र आहे. जावास्क्रिप्टचे एक्मा-२६२ हे मानक, जावाचे विनिर्देश, गोचे विनिर्देश आणि पायथनची पुस्तिका हे सगळे विनामूल्य वाचता येते. विद्यार्थ्याने पैशांअभावी थांबावे असे इथे काही नाही.

‘कंपायलर व्याकरणाच्या फाइलमधूनच तयार होतो. ती फाइल सापडली की काम झाले.’

१९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन लिहिले. नियम द्यावेत आणि पार्सर मिळवावा, असे त्याचे काम. महाविद्यालयांतल्या कंपायलरच्या प्रात्यक्षिकांत आजही हेच साधन किंवा त्याचा भाऊ बायसन वापरतात. साहजिकच सगळे कंपायलर असेच बनत असतील, असे विद्यार्थ्याला वाटते.

मोठ्या कंपायलरांचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला आहे. जीसीसीने ३.४ या आवृत्तीत, २००४ साली, सी++ चा याकमधून आलेला पार्सर काढून हाताने लिहिलेला आणला. ४.१ मध्ये, २००६ साली, सीचाही बदलला. क्लँगचा पार्सर सुरुवातीपासून हातचा आहे. गोच्या कंपायलरने २०१६ साली, १.६ आवृत्तीत, याकला निरोप दिला. कारणे व्यवहारी आहेत. हाताने लिहिलेल्या पार्सरला चूक कुठे झाली हे माणसाला कळेल अशा शब्दांत सांगता येते, तुटक कोडमधून सावरून पुढे जाता येते आणि नियमांत न बसणारे बारकावे जागच्या जागी सोडवता येतात. या कंपायलरांच्या स्रोतात व्याकरणाची फाइल शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. तिथले नियम शेकडो फंक्शनांत विखुरलेले आहेत. कधी फंक्शनाच्या डोक्यावरच्या टिप्पणीत संबंधित नियम लिहिलेला आढळतो, पण ती टिप्पणी कंपायलर वाचत नाही. त्यामुळे ती कोडशी जुळतेच याची हमी नाही.

पोस्टग्रेस आणि पायथन यांनी मात्र फाइलचा मार्ग सोडलेला नाही. ३.९ या आवृत्तीत, २०२० साली, पायथनने पार्सरची पद्धत पूर्णपणे बदलली तेव्हाही नवा पार्सर व्याकरणाच्या फाइलमधूनच तयार झाला. तेव्हा भाषेनुसार चौकशी करावी. एकीचा नियम दुसरीला लावू नये.

‘मानकातले नियम उचलून साधनात टाकले की पार्सर तयार.’

या समजापायी सर्वाधिक वेळ वाया जातो. नियम आणि साधन दोघांचीही अक्षरे सारखी दिसतात. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, बाण म्हणजे ‘असे लिहावे’. मग अडचण कुठून यावी?

पहिली अडचण लेखनपद्धतीची. निकलाउस विर्थ यांनी १९७७ सालीच तक्रार केली होती की वाक्यरचना लिहिण्याच्या पद्धती विनाकारण फार झाल्या आहेत. १९९६ साली आंतरराष्ट्रीय मानकही आले, पण त्याने फारसा फरक पडला नाही. ऐच्छिक भाग सी आणि जावास्क्रिप्टच्या मानकांत शेजारी बारीक अक्षरांत दाखवतात, तर पायथन आणि गो चौकटी कंसात दाखवतात. पुनरावृत्तीसाठी गो महिरपी कंस वापरते आणि पायथन तारांकन.

दुसरी अडचण साधनाच्या ताकदीची. ‘राशी म्हणजे राशी अधिक पद’ असा स्वतःपासूनच सुरू होणारा नियम याकला सहज पचतो. वरून खाली उतरणाऱ्या साध्या पार्सरला मात्र तो अनंत फेऱ्यांत अडकवतो. अँटलर या पार्सर बनवणाऱ्या साधनाची चौथी आवृत्ती असा नियम थेट असेल तर सांभाळून घेते. दोन-तीन नियमांतून फिरून आला असेल तर नाकारते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती नियमांच्या ओळींत दिसतच नाही. व्याकरण एकटे काम करत नाही. त्याच्या आधी अक्षरांतून शब्दांसारखे तुकडे, म्हणजे टोकन, वेगळे करणारा लेक्सर असतो, मागे नावांची नोंद ठेवणारा तक्ता असतो आणि या तिघांत कामाची वाटणी झालेली असते. सीमधली ‘अ * ब;’ ही ओळ पाहावी. अ हे आधी टाइपडेफने दिलेले प्रकाराचे नाव असेल, तर ही ब या पॉइंटरची घोषणा आहे. अ हे साधे चल असेल, तर हा गुणाकार आहे. केवळ वाक्यरचनेवरून हा निर्णय होत नाही. म्हणून सीचे अनेक पार्सर आतापर्यंत घोषित झालेली प्रकारांची नावे लेक्सरच्या कानावर घालत राहतात. मानकातले व्याकरण उचलणाऱ्याला ‘टाइपडेफ-नाव’ हे एक साधे चिन्ह दिसते. ते ओळखायचे कसे, हे त्या परिशिष्टातल्या नियमांत लिहिलेले नसते.

पायथनमध्ये ओळीची सुरुवात किती आत आहे यावर अर्थ ठरतो, पण व्याकरणाच्या फाइलमध्ये मोकळ्या जागा मोजणारा एकही नियम नाही. ते काम टोकनायझर करतो. तो आधीच्या पातळ्यांची चळत ठेवतो आणि पातळी वाढली किंवा घटली की तशी खास टोकने पुढे पाठवतो. ही टोकने पुरवणारा भाग स्वतः लिहिल्याशिवाय पायथनचे व्याकरण चालतच नाही. गोचे व्याकरण अर्धविरामांनी भरलेले आहे आणि गोचा प्रोग्रामर ते क्वचितच टाइप करतो. ओळीच्या शेवटी नाव, स्थिरांक, बंद होणारा कंस किंवा असेच ठरावीक टोकन आले की लेक्सर स्वतः अर्धविराम घालतो. गोमध्ये उघडणारा महिरपी कंस खालच्या ओळीवर का नेता येत नाही, याचे उत्तर या एका नियमात आहे.

जावास्क्रिप्टमध्ये तिरकी रेघ भागाकाराचीही असते आणि रेग्युलर एक्स्प्रेशनच्या सुरुवातीचीही. कोणती कुठली, हे लेक्सरला एकट्याने कळत नाही. म्हणून मानकाने लेक्सरच्या व्याकरणाला अनेक आरंभचिन्हे दिली आहेत. त्या जागी वाक्यरचना काय मागते त्यानुसार एक निवडायचे. २०१५ साली बाणाची फंक्शने आल्यावर आणखी एक पेच पडला. उघडलेला कंस म्हणजे साधी राशी की येऊ घातलेल्या फंक्शनाचे परिमाण, हे पुढे बाण दिसेपर्यंत ठरत नाही. मानकाने दोन्हींना सामावणारा एक सैल नियम लिहिला, आणि बाण दिसला की तोच मजकूर दुसऱ्या, कडक नियमाने पुन्हा तपासावा असे सांगितले. हे ‘पुन्हा तपासावे’ साध्या गद्यात लिहिलेले आहे. नियम तेवढे उचलले आणि गद्य सोडले, तर नको तो कोड स्वीकारणारा पार्सर मिळतो.

म्हणून कोणत्याही व्याकरणात नियमांच्या आधी लेक्सरचे प्रकरण वाचावे, आणि नियमांखालचा गद्य मजकूर वगळू नये.

‘व्याकरण संदिग्ध असेल तर साधन सांगतेच.’

बायसन ‘संघर्ष’ असल्याचा इशारा देते, त्यामुळे हे खरे वाटते. पण त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की पुढचे एक टोकन पाहून या साधनाला निर्णय घेता येत नाही. व्याकरण निःसंदिग्ध असूनही असा इशारा येऊ शकतो. शिवाय कोणतेही संदर्भमुक्त व्याकरण घेऊन ते संदिग्ध आहे का, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन रचना त्यातून निघतात का, हे नेहमी अचूक सांगणारी रीत अस्तित्वात असू शकत नाही. हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झाले आहे. चांगले साधन आले की हा प्रश्न सुटेल, अशी आशा ठेवता येत नाही.

संदिग्धता म्हणजे निष्काळजीपणा, हा याचाच जोडसमज. एकात एक दोन इफ आणि शेवटी एकच एल्स आला, तर तो कोणाचा? आल्गॉलच्या काळापासून भाषारचनाकारांनी हा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळला आहे. सीच्या मानकाने नियम संदिग्ध ठेवून, एल्स जवळच्या इफला जातो असे एका वाक्यात लिहिले. जावाने वेगळे नियम लिहून संदिग्धता व्याकरणातूनच काढली. गोने महिरपी कंस सक्तीचे करून प्रश्नच उद्भवू दिला नाही. सीचा मार्ग वाचायला सोपा आहे आणि जावाचा यंत्राला. दोन्ही शहाणपणाचे निर्णय आहेत.

‘पेग वापरले की संदिग्धता उरतच नाही.’

ब्रायन फोर्ड यांनी २००४ साली मांडलेल्या पेग पद्धतीत पर्यायांना क्रम असतो. पहिला लागू पडला की दुसरा पाहायचाच नाही. त्यामुळे एका मजकुराची दोन रचना-झाडे निघणे अशक्य होते, आणि ‘संदिग्धता संपली’ हे त्या अर्थाने खरे आहे. पण प्रश्न सुटलेला नसतो, लेखकाच्या नकळत निकाली निघालेला असतो. ‘इफ, राशी, विधान’ हा पर्याय आधी आणि एल्सचा पर्याय नंतर लिहिला, तर एल्सच्या पर्यायाची पाळी कधीच येत नाही आणि साधन अवाक्षर काढत नाही. बीएनएफमधली उभी रेघ आणि पेगमधला क्रम दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळे आहेत. पायथनने पेग स्वीकारले याचे कारणही संदिग्धता नव्हते. पूर्वीच्या एकच टोकन पुढे पाहणाऱ्या पार्सरमुळे काही नियम मुद्दाम सैल लिहावे लागत आणि नंतर वेगळ्या तपासणीने घट्ट करावे लागत. ते ओझे उतरवणे हा हेतू होता.

‘व्याकरणात बसला तो प्रोग्राम बरोबर.’

मुळात व्याकरणाने हे वचन कधी दिलेलेच नाही. घोषित न केलेले चल वापरले, तर जावाचा कंपायलर प्रोग्राम नाकारतो. व्याकरणाची त्याला काहीच हरकत नसते. सी++ च्या मानकाचे व्याकरण-परिशिष्ट तर स्वतःच सांगते की हा सारांश समजण्यासाठी आहे, भाषेचे तंतोतंत वर्णन म्हणून नाही, आणि तो वैध रचनांपेक्षा अधिक काही स्वीकारतो. ‘वापरण्याआधी घोषित केलेले असावे’ हेही वाक्यरचनेच्या नियमांत बसवण्याचा प्रयत्न आल्गॉल ६८ने दोन थरांच्या व्याकरणाने केला. तांत्रिकदृष्ट्या तो यशस्वी होता. पण वाचणाऱ्यांची दमछाक झाली आणि नंतरच्या भाषांनी तो मार्ग घेतला नाही.

पर्ल दुसऱ्या टोकाला आहे. तिथे पार्सिंग चालू असतानाच प्रोग्रामचा काही भाग चालवता येतो, आणि एखादे फंक्शन परिमाण घेते की नाही यावर पुढची तिरकी रेघ भागाकार ठरते की आणखी काही, हे अवलंबून असते. पर्लचे पार्सिंग सर्वसाधारणपणे अनिर्णेय असल्याचा युक्तिवाद २००८ साली जेफ्री केग्लर यांनी मांडला. पर्लची याक-फाइल मिळते, पण तिच्यात पर्ल पूर्ण मावत नाही.

‘प्रोग्राममधली नावे इंग्रजी लिपीतच हवीत, व्याकरणाचा तसा नियम आहे.’

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा असलेला हा समज एकेकाळी अगदी बरोबर होता. आज याचे उत्तर भाषेगणिक बदलते, आणि ते व्याकरणाच्या सगळ्यांत खालच्या, सहसा न वाचल्या जाणाऱ्या थरात आहे : ‘नाव म्हणजे काय’ हा नियम.

पायथनच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, युनिकोडने नावासाठी योग्य मानलेली अक्षरे चालतात. त्यामुळे ‘किंमत’ हे चलाचे वैध नाव आहे. जावातही ते चालते आणि जावास्क्रिप्टमध्येही. गोमध्ये मात्र ‘दर’, ‘नग’, ‘वजन’ चालतात आणि ‘किंमत’ चालत नाही. गोच्या विनिर्देशात नाव म्हणजे अक्षरे, अंक आणि अधोरेघ. अक्षर म्हणजे युनिकोडच्या ‘अक्षर’ वर्गातले चिन्ह. देवनागरीतली वेलांटी, अनुस्वार आणि हलंत ही युनिकोडच्या लेखी अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. म्हणून मात्रा किंवा जोडाक्षर असलेला शब्द बाद. दुसरी अडचण त्याहून मोठी. गोमध्ये पॅकेजच्या बाहेर दिसायला हवे ते नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून निव्वळ देवनागरी नाव पॅकेजबाहेर पोहोचूच शकत नाही. यात कोणाचा दुजाभाव नाही. पण नियम लिहिताना डोळ्यांपुढे कोणत्या लिपी होत्या, हे त्यातून दिसते, आणि तो बदलावा असे म्हणण्याचा देवनागरी लिहिणाऱ्यांना पूर्ण हक्क आहे.

अंकांचे उत्तर पुन्हा वेगळे. पायथनमध्ये ‘१२’ हा मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला, तर बारा मिळतात. तोच १२ स्रोतात थेट आकडा म्हणून लिहिला, तर चूक दाखवली जाते. कारण मजकुराचे रूपांतर करणारे फंक्शन युनिकोडचे अंक जाणते. व्याकरणातला ‘अंक’ हा नियम मात्र इंग्रजी शून्य ते नऊपुरताच आहे.

आणि एक सावधगिरी. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो : स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. जावास्क्रिप्टचे मानक हे अदृश्य चिन्ह नावात चालवून घेते. त्यामुळे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी दोन नावे दोन निराळी चले असू शकतात. मराठी नावे वापरणाऱ्या चमूने एकच कळफलक ठरवून घ्यावा.

‘बीएनएफ ही मुळात पाणिनींची पद्धत, आणि नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले आहे.’

या समजाच्या दोन्ही टोकांना खरा धागा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवले की बीएनएफला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे, कारण पाणिनींनी तशीच नियमपद्धती फार पूर्वी वापरली होती. साम्य खरे आहे. परंतु बॅकस यांनी ती पाणिनींकडून घेतली, याला आधार नाही. शिवाय साम्य पूर्णही नाही. बीएनएफच्या नियमात डावीकडचे चिन्ह शेजारी काय आहे याची पर्वा न करता बदलते. पाणिनींच्या सूत्रांत षष्ठीने बदलायचा वर्ण, प्रथमेने त्याच्या जागी येणारा, पंचमीने आधीचा आणि सप्तमीने नंतरचा संदर्भ सांगितलेला असतो. विभक्तीच नियमाचे चिन्ह होते. सूत्रे एकमेकांशी भिडली तर कोणते बलवान, याचेही नियम आहेत. ही बीएनएफपेक्षा वेगळी आणि काही बाबतींत अधिक समर्थ यंत्रणा आहे. तिला बीएनएफचा पूर्वावतार म्हटल्याने तिचे मोल वाढत नाही, उलट तिचे वेगळेपण झाकले जाते.

नासाचा धागा १९८५ सालचा आहे. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची संस्कृत वैयाकरणांची रीत आणि संगणकात ज्ञान मांडण्याच्या तत्कालीन पद्धती यांतले साम्य त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी नागेशभट्टांचा, म्हणजे काशीत राहिलेल्या एका महाराष्ट्रीय पंडितांचा, आधार घेतला. लेख वाचनीय आहे. तो एका संशोधकाचा लेख आहे, संस्थेचा ठराव नाही. आणि त्याचा विषय प्रोग्रामिंग भाषा किंवा कंपायलर हा नाही.

‘तयार व्याकरणे नेटवर मिळतात, त्यांतले एक घ्यावे आणि पुढे जावे.’

घ्यावे जरूर, अँटलरसाठी स्वयंसेवकांनी जमवलेला व्याकरणांचा मोठा संग्रह आहे आणि एडिटरांसाठी ट्री-सिटरची व्याकरणे आहेत. फक्त ती त्या-त्या कामासाठी लिहिलेली आहेत हे विसरू नये. एडिटरमधला कोड बहुतेक वेळ अर्धवट टाइप केलेलाच असतो, म्हणून ट्री-सिटर चुकांसकट झाड उभे करते. तिथे स्वीकारलेला कोड कंपायलरही स्वीकारेल, असे समजणे धोक्याचे. भाषेची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे आणि परवाना कोणता आहे, हे आधी पाहावे. मग खऱ्या प्रकल्पांतला भरपूर कोड त्यातून घालवून पाहावा, आणि मुद्दाम बिघडवलेला कोडही.

‘व्याकरण कोणी दिलेलेच नसेल, तर काही करता येत नाही.’

बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणालींवर काम करणाऱ्यांत हा समज रुजलेला आहे, कारण तिथल्या भाषांचे वापरण्याजोगे व्याकरण खरोखरच मिळत नाही. पण व्याकरण नसले तरी त्याचे अवशेष असतात : निर्मात्याची संदर्भपुस्तिका, तिच्यातल्या वाक्यरचनेच्या आकृत्या, कंपायलर आणि वर्षानुवर्षे चालत आलेला कोड. २००१ साली राल्फ लेमेल आणि क्रिस व्हरहूफ यांनी आयबीएमच्या व्हीएस कोबॉल-२ या भाषेचे व्याकरण अशाच अवशेषांतून परत उभे केले. पुस्तिकेतल्या आकृत्या साधनांनी वाचून कच्चे नियम काढले. नियमांत एकमेकांशी न जुळणारे दुवे शोधले. वापरले गेलेले पण कुठेच न सांगितलेले चिन्ह, आणि सांगितलेले पण कुठेच न वापरलेले चिन्ह, हे तपासाचे पहिले टोक. मग तयार झालेला पार्सर खऱ्या कोबॉल कोडवर चालवला आणि जिथे अडला तिथे पुस्तिकेतली चूक दुरुस्त केली. प्रत्येक दुरुस्ती हाताने खाडाखोड करून नव्हे, तर नोंदवलेल्या रूपांतराने केली, म्हणजे कोणता नियम कशामुळे बदलला हे मागाहून पाहता येते. काही आठवड्यांत काम झाले आणि व्याकरण त्यांनी सर्वांसाठी खुले केले. पुस्तिका, कोड आणि कंपायलर यांत मतभेद झाला तर कंपायलरचे मानावे लागते, कारण चालू असलेला व्यवहार त्याच्यावर उभा असतो.